आवाज गेला आणि पीपीटी आली

माझा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा. हे मी कौतुकानं सांगत नाही, लोक तक्रार म्हणून सांगायचे. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भर उन्हाळ्यात दार लावून घ्यायचे, आणि दार लावलं तरी त्यांची पोरं पानिपतातच असायची. मी म्हणायचे, सर, त्याला मी काय करू? इतिहास हळू आवाजात सांगितला की दहाव्याला बसल्यासारखं वाटतं. सर बिचारे हसायचे आणि खिडकीही लावून घ्यायचे.

गंगाखेडहून राणीसावरगावकडं जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या हायस्कूलात मी नोकरीला लागले तेव्हा पोरं मला बाई म्हणायची. आता मॅडम म्हणतात. बाकी माझ्यात फारसा फरक पडला नाही. वर्गात शिरले की "नीट बसा, हलायचं नाही" म्हणायचं, डस्टर टेबलावर आपटायचं आणि सुरू व्हायचं. मधे कुणी बोललेलं मला खपत नसे. शंका असेल तर शेवटी विचारा म्हणायचे, आणि शेवटी घंटा व्हायची.

त्यातही आठवीचा एक धडा माझा खास. हैदराबादचा मुक्तिसंग्राम. पुस्तकात तो दोन पानांत उरकलाय. मी त्याला चांगले दोन तास लावायचे. सप्टेंबरात मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाच्या आधी तो घ्यायचाच. निजामाचं राज्य, रझाकारांची गस्त, सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या, आणि शेवटी आमच्या गावची गोष्ट. एका पहाटे जुन्या चावडीवर तिरंगा लागलेला दिसला. घाईघाईत लावलेला, उलटा, हिरवा रंग वर. मग चौकशी झाली, दोन-चार जणांना मारहाण झाली, पण झेंडा कुणी लावला हे काही कळलं नाही. इथं वर्ग हमखास ओरडायचा, "मग, बाई?" आणि मी म्हणायचे, "मग काय? माहीत नाही कुणाला. इतिहासात सगळं सापडत नसतं. वह्या काढा." ही गोष्ट मी गावातल्या एका म्हाताऱ्याकडून ऐकली होती. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.

मागच्या उन्हाळ्यात माझा घसा बसला. लग्नसराई होती, सगळे म्हणाले आइस्क्रीम बाधलं. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून कात चघळून झाला. आवाज काही उघडेना. शेवटी परभणीला घशाच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी नळी घालून बघितलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे म्हणाले. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण काढावी लागली, आणि काढल्यावर डॉक्टरांनी माझी बोलतीच बंद केली. आधी काही आठवडे एक शब्दही नाही, पुढं घरात गरजेपुरतं, पण वर्गात दिवाळीपर्यंत आवाज काढायचा नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही, त्यानं जास्त ताण येतो. मी खुणेनं विचारलं, बोललं तर? ते म्हणाले, "मॅडम, मग हा आवाज परत येईल याची मी खात्री देत नाही."

घरात तर सणच सुरू झाला. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी मॅच शांतपणे बघत होते. मी भांडी आपटून बघितली, पण भांड्यांना शब्दांची सर येत नाही.

शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. माणूस सभ्य, माझ्यापेक्षा वयानं लहान. "मॅडम, तुम्ही आराम करा. इतिहास आपण नव्या सरांकडं देऊ. तुम्ही ग्रंथालय बघा," ते म्हणाले. आमचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, त्याची किल्ली हरवून जमाना झालाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा हातचा विषय गेला की तो परत मिळत नाही, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत बघितलं होतं. नवे सर चुणचुणीत, दोन महिन्यांत मुलं त्यांची झाली असती. मग मी निवृत्तीपर्यंत त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले असते. मी टेबलावरचा कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: पीपीटी.

ते "आँ?" म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "बरं. सप्टेंबरात विस्तार अधिकारी तपासणीला येणार आहेत. त्यांच्यासमोर एक पाठ घ्या. जमलं तर विषय तुमच्याकडंच. नाही जमलं तर मात्र मॅडम, राग मानू नका."

वर्गात एक मोठा टीव्ही भिंतीवर लावलेला आहे, बोटानं चालणारा. कुठल्याशा योजनेतून आला होता. आला त्या वर्षी खंडेनवमीला बाकीच्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली, आणि त्या कुंकवाची दोन बोटं अजून त्याच्या कोपऱ्यात आहेत. पुसायला कुणी धजलं नाही. वरून टेबलक्लॉथ टाकून ठेवलेला. पीपीटीचं प्रशिक्षण मी घेतलं होतं म्हणा. त्यातलं मला एवढंच आठवत होतं, की पोहे चांगले होते.

म्हणून मी गंगाखेडला तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडं गेले. अर्ज, शपथपत्रं, वारसाचे कागद, सगळा तालुका याच्याकडून टाइप करून घेतो. मी सगळा धडा कागदावर लिहूनच नेला होता. नुसते मुद्दे नाही, मी वर्गात बोलते तसाच्या तसा. त्यानं दोन पानं टाइप केली आणि मान वर केली.

"मॅडम, ह्ये 'अरे बापरे' बी टाकायचं का?"

मी मान हलवली. टाका.

"आन् 'नीट बसा, हलायचं नाही'?"

तेही टाका! बोटानं टेबल ठोकून सांगितलं. माझा आवाज मला त्या टीव्हीत भरायचा होता, दुसरं काय. मग मोबाइलवरून प्रत्येक स्लाइडला वर एकेक चित्र टाकलं: पहिल्या स्लाइडला जुन्या हैदराबाद राज्याचा नकाशा, शेवटच्या स्लाइडला आमच्या पडक्या चावडीचा मी स्वतः काढलेला फोटो. त्यानं पेन ड्राइव्हवर भरून दिलं. पण मी अशी कच्ची नाही. मी सगळ्या स्लाइडच्या रंगीत प्रिंट काढून घेतल्या, तिथंच बाकावर बसून लाल पेननं तपासल्या, दोन चुका दुरुस्त करून घेतल्या. आमच्या तालुक्यात कागदावर निघालं म्हणजे ते पक्कं झालं, असंच आम्ही आजवर धरून चाललो. घरी येऊन त्या प्रिंट यांना दाखवल्या. हे म्हणाले, "लग्नपत्रिकेसारखं झालंय." मी खूष.

तपासणीच्या दिवशी विस्तार अधिकारी मागच्या बाकावर बसले, मांडीवर फाइल. शेजारी मुख्याध्यापक. नवे सर दाराशी उभे. मी टेबलक्लॉथ काढला, पेन ड्राइव्ह लावला, बोट टेकवलं.

पडद्यावर जे आलं ते बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. चित्रं जागच्या जागी, पण खाली एक अक्षर मराठी नाही. कंस, डॉलर, मोडकी इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेले कसले कसले आकार. पुढची स्लाइड, तेच. त्याच्या पुढची, तेच. नव्या सरांनी हळूच येऊन बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, टायपिंगवाल्याचा फॉन्ट जुना आहे. तो या टीव्हीत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवरच दिसणार हे." प्रिंट माझ्या पर्समध्ये होत्या, चकचकीत, काय कामाच्या!

आणि वर्ग काय करत होता म्हणाल? वर्ग उतरवून घेत होता. आमच्या शाळेत ती शिस्त मीच लावलीय: समोर आलं की आधी उतरवायचं, मग विचारायचं. पोरं डॉलर काढत होती. एकानं पट्टी घेऊन कंसाखाली रेघ मारली. एकीनं मला खुणेनं विचारलं, मॅडम, हे टिंब वर का खाली? मला रडावं का हसावं कळेना. मी डस्टर आपटलं. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली आणि पोरं माझ्याकडं बघायला लागली.

आता बोलायला हवं होतं. सगळा धडा घशाशी येऊन थांबला होता. मी तोंड उघडलं सुद्धा. मनात म्हटलं, जाऊ दे चुलीत तो डॉक्टर, आजचा दिवस निभू दे. पण भीती वाटली. खरंच वाटली. उद्या कायमचाच गेला तर? मी तोंड मिटलं. मागं मुख्याध्यापक उठून उभे राहिले, "राहू द्या मॅडम, सर घेतील पुढं," म्हणाले. नवे सर दोन पावलं पुढंही आले.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली. दोन घट्ट वेण्या, अक्षर मोत्यासारखं, आणि शाळा उघडल्यापासून तिनं आपणहून हात वर केलेला मी बघितला नव्हता.

"मॅडम, मी सांगू का? मला येतंय ह्ये."

मी काही म्हणायच्या आत (म्हणणार तरी काय) ती टीव्हीपाशी आली, माझ्या हातातलं डस्टर घेतलं आणि टेबलावर आपटलं.

"नीट बसा! हलायचं नाही!"

वर्ग खो खो हसला. विस्तार अधिकारी फाइलमधून वर बघायला लागले. तिनं पहिली स्लाइड लावली, नकाशा होता, आणि सुरू झाली. "सगळा देश पंधरा ऑगस्टला मोकळा झाला. आन् आपण? आपण कुठं होतो? अरे बापरे, आपण तर भारतातच नव्हतो!" अरे बापरेवर हात कपाळाला. तो हात माझा होता. 'आन् आपण?' म्हणून एक क्षण थांबायचं, खिडकीबाहेर बघायचं आणि गर्रकन वळायचं, तेही माझंच होतं. तिला ही गोष्ट मी शिकवलेली नव्हती. आठवीला ती यंदाच आली होती आणि यंदा मला आवाज नव्हता.

मुख्याध्यापकांनी मधेच विचारलं, "तुला कुणी सांगितलं गं हे?"

"माझ्या आईनं, सर. आई ह्याच शाळंत व्हती. बाईंच्या वर्गात. आई भाकरी करायली की आमाला आसंच सांगती. बाईंसारखं करून दाखवती." मग माझ्याकडं बघून जीभ चावली. "बाई म्हंजे मॅडम."

ती स्लाइड पुढं सरकवत गेली. खालच्या त्या डॉलर-कंसांकडं तिनं ढुंकून बघितलं नाही, वरचं चित्र तेवढं बघायची आणि बोलायची. रझाकारांची गस्त आली तेव्हा ती माझ्यासारखीच बाकांमधून पाय आपटत फिरली. शेवटी चावडीचा फोटो आला. पहाट झाली, झेंडा दिसला, उलटा झेंडा, हिरवा रंग वर. चौकशी झाली. कुणी लावला, कळलं नाही.

वर्ग ओरडला, "मग?"

"इथं बाई म्हणायच्या, मग काय, वह्या काढा," पोरगी म्हणाली. "पर माझी आई इथं थांबत न्हाई."

आणि तिनं पुढं सांगितलं. तिच्या आईची आजी तेव्हा नवी नवरी होती. दीर छावणीतून रात्रीतून आला आणि म्हणाला, वहिनी, झेंडा शिवून दे. तिनं लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला, सासऱ्याचं धोतर घेतलं, दिराचा भगवा पटका घेतला, आणि चिमणीच्या उजेडात शिवला. "त्यो घाईत उलटा न्हवता लागला. तिनं शिवलाच तसा व्हता. दोरी बांधायचा बंदबी तिनं हिरव्याच अंगाला शिवला. तिनं झेंडा कधी बघितलाच न्हवता ना! लुगडं आपलं हिरवं, म्हणून तिनं वर घेतलं." सासरा पुढं महिनाभर धोतर शोधत होता. घरचे आधी भीतीनं गप्प बसले, मग सवयीनं.

मला पहिल्यांदा राग आला. इतकी वर्षं मी पोरांना 'घाईत उलटा लागला' सांगत आले, आणि ज्या घरात खरं माहीत होतं त्या घरची लेक माझ्यासमोर बाकावर बसून ऐकत होती? मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: आईने तेव्हा मला का नाही सांगितले?

पोरीनं वाचलं. जरा घुटमळली.

"आईला सांगायचं व्हतं, मॅडम. पर ती म्हणती, बाई इतकं भारी सांगायच्या, की मधी बोलावंच वाटायचं न्हाई. आन् मग घंटा व्हायची."

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. कौतुकच होतं ते, तिनं कौतुक म्हणूनच सांगितलं. मला मात्र कुठंतरी खोल लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी फळा पुसायच्या निमित्तानं पाठमोरी होऊन आवरलं.

विस्तार अधिकाऱ्यांनी जाताना शेरा लिहिला: पाठ उत्तम, विद्यार्थ्यांचा सहभाग वाखाणण्याजोगा, पडद्यावरील मजकूर अस्पष्ट. मुख्याध्यापक मला म्हणाले, "इतिहास तुमच्याकडंच, मॅडम. तो फॉन्ट तेवढा बघा." माझा जीव भांड्यात पडला. पण फॉन्ट मी बघितलाच नाही. पुढच्या पीपीटीत मी अक्षरच घातलं नाही. एका स्लाइडला एक चित्र, बस. चित्र लावायचं आणि पोरांकडं बघायचं. पहिले काही दिवस ती एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. मग एकेक बोलायला लागलं. कुणी चुकीचं बोललं की माझा घसा शिवशिवायचा, पण इलाज नव्हता. दुसरं कुणीतरी उठून ते दुरुस्त करायचं. कधी भांडायची. मी डस्टर घेऊन पंच.

दिवाळीनंतर परभणीला गेले. डॉक्टरांनी परत नळी घालून बघितलं आणि म्हणाले, छान भरून आलंय, बोला आता, पण बेतानं. बसस्टँडवर रिक्षावाल्याशी भाड्यावरून दोन वाक्यं बोलून बघितली. आवाज जरा जाडसर झाला होता, पण माझाच होता. ही बाई कशाला हसतेय, म्हणून रिक्षावाला बघत राहिला.

शाळा उघडल्यावर मी त्या पोरीकरवी तिच्या आईला बोलावणं धाडलं. आई आली, ठेवणीतली साडी नेसून, दाराशीच उभी. चेहरा बघितल्यावर मला ती आठवली, खिडकीकडच्या बाकावर बसायची. मी तिला हाताला धरून आत आणलं, टीव्हीवर चावडीचा फोटो लावला आणि पोरांसमोर उभं केलं. ती लाजून पदर तोंडाला लावायला लागली.

"मी काय सांगू, बाई? तुमीच सांगा की. तुमच्यावानी मला कुठं येतंय?"

मी गळ्याकडं बोट दाखवलं आणि मान हलवली.

"आगं बाई, आजून आवाज न्हाई आला?" तिचा चेहरा उतरला.

वर्गात खसखस पिकली. त्याच दिवशी सकाळी खडू फेकाफेकीवरून मी त्यांना अशी झाडली होती, की गणिताच्या सरांनी दार लावून घेतलं होतं. मी पोरांवर डोळे वटारले. सगळी एकदम गप्प झाली, आणि कुणी एक शब्द फोडला नाही. तिच्या लेकीनं तर मान खाली घालून हसू दाबलं.

मग ती बोलायला लागली. आधी अडखळत, पदराचं टोक पिळत. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. चावडी आली, पहाट आली, उलटा झेंडा आला. तिथं ती थांबली आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं, आता बाई वह्या काढा म्हणतील म्हणून.

मी उठले, फळ्यापाशी गेले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: मग?

आणि परत मागं जाऊन बसले.